केमिस्ट्रीची ट्युशन लावण्याआधी

प्रश्न : मुलगी दारव्ह्याला बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीच्या वार्षिक परीक्षेत केमिस्ट्रीच्या लेखी पेपरात ७० पैकी २४ मिळाले. तिला बी. फार्म. करायचं आहे. आमचं गाव तालुक्यापासून १४ किलोमीटर. यवतमाळचा एक क्लास वर्षाची पूर्ण फी आताच भरा म्हणतो आणि आमच्या हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर. तालुक्यात दोन-तीन जण ट्युशन घेतात, पण त्यात चांगलं कोण हे आम्हाला कसं कळणार? आम्ही दोघंही दहावीच्या पुढे शिकलेलो नाही.
– एक आई, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

ताई, केमिस्ट्री येत नसली तरी चांगला शिकवणारा तुम्हाला ओळखता येईल. फळ्यावर काय लिहिलं ते कळलं नाही तरी चालेल. दीड तासात पेन जास्त वेळ कुणाच्या हातात होता, सरांच्या की पोरीच्या, तेवढं बघायचं. पण त्याआधी पोरगी नेमकी कुठे अडते ते शोधा. ‘केमिस्ट्री कच्ची आहे’ एवढंच सांगून ट्युशन लावली की सर पहिल्या धड्यापासून सुरू करतात, पोरगी मान डोलावते आणि जे आधीपासून येत नव्हतं ते तसंच राहतं.

एक संध्याकाळ काढा. खालचे पाच प्रश्न तिला पुस्तक न उघडता, कॅल्क्युलेटर न वापरता सोडवायला द्या. चाळीस मिनिटं पुरतात. लॉग टेबल जवळ असू द्या, कारण बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच वापरावं लागतं. उत्तरं इथेच देतो, म्हणजे तपासणं तुम्हालाही जमेल.

पहिला : ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडपासून २५० मिलिलिटर द्रावण केलं, तर मोलॅरिटी किती? उत्तर ०.४. तिने ०.०००४ लिहिलं असेल तर मोल (पदार्थाचे कण मोजायचं एकक) समजलाय, फक्त मिलिलिटरचं लिटर करायचं राहून गेलं. काहीच लिहिता आलं नसेल तर मोलच समजलेला नाही आणि मग बारावीचे निम्मे गणिती धडे तिच्यासाठी बंद आहेत.

दुसरा : लोखंड आणि पाण्याची वाफ यांपासून फेरोसोफेरिक ऑक्साइड आणि हायड्रोजन, हे समीकरण संतुलित कर. आकडे क्रमाने ३, ४, १, ४ यायला हवेत.

तिसरा : पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचा ऑक्सिडेशन नंबर काय? अधिक ६. अधिक १२ लिहिलं असेल तर रेणूत क्रोमियमचे दोन अणू आहेत हे ती विसरली. ही चूक एका बैठकीत सुटते.

चौथा : ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढ. उत्तर २.६९९. इथे बहुतेक मुलं ३.३०१ लिहितात. लॉग टेबलमधून बार ३ पॉइंट ३०१० असं येतं. तीनवरची ती आडवी रेघ फक्त तीनला उणे करते, दशांश चिन्हापुढचा भाग अधिकच राहतो. मुलं सगळाच आकडा उणे धरतात. समजून शिकलेल्या मुलाला ही चूक स्वतःच सापडते : ०.००१ मोलर असतं तर पीएच ३ आला असता, हे द्रावण त्याहून तीव्र आहे आणि आम्ल जितकं तीव्र तितका पीएच कमी, म्हणजे तो तीनच्या खाली हवा.

पाचवा : चार कार्बनची सरळ साखळी, एका टोकाच्या कार्बनवर ओएच, दुसऱ्या टोकाकडून मोजलं तर दुसऱ्या कार्बनवर मिथाइल. आययूपॅक नाव सांग. ३-मिथाइलब्युटेन-१-ऑल. तिने २-मिथाइलब्युटेन-४-ऑल लिहिलं असेल तर नंबर उलट्या टोकाकडून दिलेत. ओएचला कमीत कमी आकडा मिळायला हवा, हा नियम सुटला.

आता निकाल वाचा. पहिले तीन चुकले असतील तर दुखणं अकरावीचं आहे आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगायचं की सुरुवातीचे सहा तास मोल, रेडॉक्स, बॉन्डिंग आणि ऑरगॅनिकची मूलतत्त्वं यांनाच द्या. हे तास वाया जात नाहीत, कारण बी. फार्म.साठी लागणाऱ्या सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. नुसता चौथा चुकला असेल तर दोष गणिताचा आहे. गावातल्या शाळेचे गणिताचे गुरुजी लॉग टेबल दोन संध्याकाळींत शिकवतील, त्यासाठी केमिस्ट्रीच्या ट्युशनवर पैसे घालू नका.

आणखी एक तपासणी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुस्तकातले पाच प्रश्न तिला इंग्रजीत मोठ्याने वाचायला लावा आणि ‘यात काय विचारलंय?’ ते मराठीत सांगायला सांगा. पुष्कळ मुलांना द्रावण, द्राव्य, द्रावक चांगले कळतात, पण सोल्युशन, सोल्युट, सॉल्व्हंट एकाच ओळीत आले की गोंधळ उडतो. क्षपण म्हणजेच रिडक्शन, उत्प्रेरक म्हणजेच कॅटॅलिस्ट, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या मुलीचं असं असेल तर तिला मराठीत समजावणारा आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घेणारा शिक्षक हवा. फाडफाड इंग्रजीत शिकवणाऱ्याकडे ती मागेच पडेल. तिची दहावीची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत गेली नसतील तर जपून ठेवा. ती शेजारी उघडी ठेवून एका वहीत शब्दांच्या जोड्या लिहायला लावा, रोज दहा.

शोधायचं कुठे? पाटी लावलेल्या दोन-तीन ठिकाणांपलीकडेही बघा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीनियर कॉलेजमध्ये केमिस्ट्री विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक असतात. सीएचबीवाले म्हणतात त्यांना. ते एम. एस्सी. असतात, त्यांतले काही नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास झालेले. मानधन तासांवर आणि तेही उशिरा मिळत असल्यामुळे चार मुलींची शिकवणी घ्यायला त्यांतले बरेच तयार होतात. विभागात जाऊन सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरी जागा फार्मसी कॉलेज. तिथल्या शिक्षकांचं ऑरगॅनिक पक्कं असतं आणि पोरीला तिकडेच जायचं असल्याने तिला पुढची वाटही दिसेल. फिजिकल केमिस्ट्रीची गणितं ते किती घेतात ते मात्र विचारून घ्या. तिसरे म्हणजे निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक. बोर्डाचे पेपर तपासलेल्या माणसाला कोणत्या पायरीला गुण मिळतो ते ठाऊक असतं. फक्त सध्याचं पुस्तक त्यांनी शिकवलंय का ते विचारा, कारण बारावीचं हे १६ धड्यांचं पुस्तक २०२० साली आलं.

एम. एस्सी. करणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनीही चालेल. माझं मत विचाराल तर गावाकडच्या मुलीसाठी अशी ताई मिळाली तर उत्तमच, कारण ‘समजलं नाही’ हे तिच्यासमोर तोंडातून निघतं. पण तिच्या परीक्षेच्या दिवसांत शिकवणी बंद पडते, तेव्हा तिच्या सत्र परीक्षेच्या तारखा आधीच विचारून ठेवा.

मुलीच्या स्वतःच्याच कॉलेजचे सर खासगीत शिकवतो म्हणाले तर मी थांबायला सांगेन. अनुदानित कॉलेजच्या शिक्षकांवर खासगी शिकवणीबाबत सेवानियमांची बंधनं आहेत. शिवाय प्रॅक्टिकलचे गुण ज्यांच्या हातात आहेत, त्यांची ट्युशन नको वाटली तर सोडता येत नाही. तसा दबाव येत असेल तर प्राचार्यांशी बोला.

आता डेमो. पैसे देण्याआधी एक बैठक मागा आणि तुम्ही स्वतः सोबत बसा. तिने अगोदर ठरवून एकच प्रश्न विचारायचा : ‘सर, फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनची हाफ लाइफ २० मिनिटं आहे, तर ७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल?’ (हाफ लाइफ म्हणजे पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ.)

एक शिक्षक लगेच सूत्र लिहील, ०.६९३ भागिले २०, मग २.३०३, मग लॉग, आणि तीन मिनिटांत ४० मिनिटं असं उत्तर काढून ‘लिहून घे’ म्हणेल. उत्तर बरोबर आहे. दुसरा विचारेल, ‘सुरुवातीला १०० होते, २० मिनिटांनी किती उरले?’ पोरगी म्हणेल ५०. ‘आणखी २० मिनिटांनी?’ ती म्हणेल २५. ‘मग संपले किती?’ ७५. सूत्राला हात न लावता ती ४० मिनिटांवर येते. त्यावर तो विचारेल, ‘९० टक्के संपायला?’ साठ मिनिटांनी साडेबारा उरतात, ऐंशीला सव्वासहा, म्हणजे उत्तर ६० आणि ८० च्या मध्ये कुठेतरी, हे ती तोंडी सांगू शकेल. आणि आता सूत्र. उत्तर येतं साधारण साडेसहासष्ट मिनिटं आणि ते दोन्हींच्या मध्येच बसतं. या शिक्षकाकडे पाठवा. हिशेब तुम्हाला कळला नाही तरी चालेल, पण पोरगी बोलत होती आणि पेन तिच्याच हातात होता, हे तुम्हाला दिसेल.

ऑरगॅनिकसाठीही असाच एक प्रश्न आहे. ‘ॲनिलिनचं थेट नायट्रेशन केलं तर एवढं मेटा का मिळतं?’ ऑर्थो, मेटा, पॅरा या बेंझिनच्या कड्यावरच्या जागा. पुस्तकात पॅरा ५१, मेटा ४७ आणि ऑर्थो २ टक्के असे आकडे आहेत. एरवी अमिनो गट ऑर्थो-पॅराकडे नेणारा, मग हे असं का? तीव्र आम्लात ॲनिलिनला प्रोटॉन चिकटून ॲनिलिनियम आयन होतो आणि तो मेटाकडे नेतो, हे कारण जो सांगेल त्याचं ऑरगॅनिक पक्कं. ‘तेवढं पाठ कर, दरवर्षी येतं’ म्हणणाऱ्याकडे ऑरगॅनिकचे चार धडे पाठ करावे लागतील आणि नोव्हेंबरपर्यंत त्यांची एकमेकांत सरमिसळ होईल. ‘बघून उद्या सांगतो’ म्हणून खरंच दुसऱ्या दिवशी सांगणारा शिक्षक मात्र नाकारू नका.

सर्वांत जास्त फसगत नोट्सपायी होते. सुबक छापील नोट्स, मागच्या वर्षीच्या मुलांचे गुण लिहिलेलं फ्लेक्स आणि एका खोलीत चाळीस मुलं. नोट्स वाईट नसतात, पण वेळ त्या उतरवण्यातच जातो आणि आईबापांना वही भरलेली दिसते. वहीत पोरीने स्वतः चुकवलेलं, खोडलेलं, लाल पेनाने दुरुस्त केलेलं गणित दिसतंय का ते बघा. महिनाभरात असं एकही पान नसेल तर ती फक्त ऐकायला जाते आहे.

वेळेचा हिशेब मांडून देतो. ऑगस्टपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत साधारण २४ आठवडे मिळतात. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास धरले तर ७२ तास. सॉलिड स्टेट, सोल्युशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स या सहांना प्रत्येकी ५ तास, म्हणजे ३०. हॅलोजन डेरिव्हेटिव्हजपासून अमाइन्सपर्यंतच्या चारांना प्रत्येकी ६, म्हणजे २४. कोऑर्डिनेशन कंपाउंड्सना ५. गट १६ ते १८ आणि ट्रान्झिशन मूलद्रव्यं यांना प्रत्येकी ३, बायोमॉलिक्यूल्स आणि पॉलिमर यांना प्रत्येकी २ आणि ग्रीन केमिस्ट्रीला १. झाले ७०. अकरावीचे सहा मिळवले की ७६, म्हणजे चार तास कमीच पडतात. त्यात दिवाळी येते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही म्हणून पोरीही वावरात जातात, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत सलग चार-पाच सकाळी जादा तास घ्याल का, हे आताच विचारून ठेवा.

पेपर ७० गुणांचा असतो : १० बहुपर्यायी, ८ एका वाक्याचे, मग दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे आठ आणि चार गुणांचे तीन. शेवटच्या तिन्ही भागांत पर्याय असतात. म्हणून एखादा धडा कच्चा राहिला तर तेवढ्याने सगळं बुडत नाही. सीईटीत प्रश्न निवडायची अशी मुभा नाही, पण चुकीच्या उत्तराला गुण कापतही नाहीत. केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतात. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून ९० मिनिटं मिळतात, म्हणजे प्रश्नाला एक मिनिटही नाही. लॉगचा अंदाज तोंडी बांधायची सवय तिथे उपयोगी पडते.

फी कधीही तासावर मोजा. समजा एकाने महिन्याला दोन हजार सांगितले आणि महिन्यात बारा तास होणार असतील, तर तासाचे १६७ झाले. दुसरा बाराशे म्हणतो पण तास सहाच, तर तो तासाला २०० घेतो. गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या तिघी-चौघी मिळाल्या तर एकत्र लावा. समजा सर दीड तासाचे ६०० घेत असतील तर चौघींत १५० येतात. पाचपेक्षा जास्त मात्र नको, नाहीतर प्रत्येकीची वही तपासली जात नाही. वर्षाची फी एकरकमी देऊ नका. महिना संपल्यावर द्या, आणि आताच हात आखडता असेल तर ‘निम्मे दर महिन्याला, उरलेले कापूस विकल्यावर’ असं बोलून बघा. आपल्या भागातले शिक्षकही शेतकऱ्यांच्याच घरातले असतात, त्यांना ते समजतं. ठरलेलं वहीच्या एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या : आठवड्याचे दिवस, तास, बुडालेला तास कधी भरून देणार, मध्येच सोडलं तर पैशाचं काय. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असं म्हटलंय. त्या मोठ्या कोचिंग संस्थांसाठी आहेत. यवतमाळच्या क्लासला हे विचारून बघा. घरगुती ट्युशनला मात्र तुमचं ते सहीचं पानच कामाला येईल.

जाण्यायेण्याचं आधी ठरवा, मग ट्युशनची वेळ. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो आणि तुमच्या मार्गावर मानव विकासची निळी बस असेल तर तीही आहे. ट्युशन कॉलेज सुटल्यावर लगेच आणि परतीच्या गाडीआधी अर्धा तास संपणारी हवी. काळीपिवळीच्या भरवशावर सायंकाळची वेळ घेऊ नका, सवारी भरली नाही तर ती हलत नाही. बस सुटलीच तर दारव्ह्यात कुणाकडे थांबायचं ते घरही ठरवून ठेवा. शिकवणी बाहेरच्या खोलीत, दार उघडं ठेवून, एकापेक्षा जास्त मुली असतानाच व्हावी. ही अट पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. ज्याला ती खटकेल त्याच्याकडे पाठवू नका.

आठवड्यातली एक बैठक फोनवर घेता येते. सरांनी स्वतःचा चेहरा दाखवायची गरज नाही, कॅमेरा वहीकडे हवा. दोन उंच डब्यांवर पट्टी आडवी टाकून फोन त्यावर पालथा ठेवला की खालची वही स्वच्छ दिसते. पोरीनेही तसंच करायचं, म्हणजे तिचं पेन कुठे थांबतं ते सरांना दिसेल. रेंज अंगणातच येत असेल तर फोनवरची बैठक सोडा. त्याऐवजी रोज रात्री सोडवलेल्या दोन गणितांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि सकाळी दुरुस्ती घ्यायची.

प्रॅक्टिकलचे ३० गुण असतात आणि ट्युशनमध्ये त्यांचा विषयच निघत नाही. सर प्रयोगशाळेत काम केलेले असतील तर त्यांच्याकडून दोन बैठका फक्त यासाठी मागा. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन ऑक्झॅलिक आम्लासोबत असेल तर द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, मोहर सॉल्टसोबत असेल तर तापवायचं नाही. परमँगनेटचा रंग गडद असल्याने ब्युरेटमध्ये वरची कड वाचायची. पहिला फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. सॉल्ट ॲनालिसिसचा क्रम, अमोनियमच्या शून्य गटापासून मॅग्नेशियमच्या सहाव्या गटापर्यंत, कागदावर पाठ होतो. आम्लं घरी आणून काही करायचं नाही. हात बसवायचा तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आणि तिथे प्रॅक्टिकल होत नसेल तर चार पालकांनी मिळून लेखी मागणी करा.

पुस्तक हरवलं-फाटलं असेल तर ई-बालभारतीवर ते फुकट उतरवता येतं. तुमच्या ओळखीत यंदा कुणाचं पोर दहावीला असेल तर त्यांना नागपूरच्या महाज्योती या शासकीय संस्थेबद्दल सांगा. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना तिथे दहावीनंतर सीईटी, जेईई, नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो, फक्त अर्ज वेळेत भरावा लागतो.

आज सोडवलेला तो पाच प्रश्नांचा कागद टाकू नका, तारीख घालून ठेवा. सहा आठवड्यांनी तेच प्रश्न आकडे बदलून द्यायचे : ४ ऐवजी ८ ग्रॅम म्हणजे उत्तर ०.८, आणि ०.००२ ऐवजी ०.००३ म्हणजे पीएच २.५२३. समीकरणही सरांकडून दुसरं मागून घ्या. दोन्ही कागद घेऊन सरांसमोर बसा. पहिल्या कागदावरची चूक दुसऱ्यावरही तशीच असेल तर त्यांना आणखी दोन आठवडे द्या आणि तेवढ्यात दुसऱ्या नावाकडे डेमो ठरवून ठेवा. दिवाळीनंतर शिक्षक बदलला तर नव्या माणसाला तिची नस सापडेपर्यंत प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर येते, म्हणून काय तो निर्णय ऑक्टोबरच्या आतच घ्या.